लिनक्स सर्व्हर चालवताना: आधी परतीची वाट, मग कुलूप

नवख्या माणसाचा पहिला सर्व्हर हल्लेखोराच्या हाती लागण्याआधी बहुधा मालकाच्याच हातून जातो. फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) चालू केला आणि स्वतःच बाहेर राहिलो, पासवर्ड बंद केला आणि किल्ली चालेना, बॅकअप होता पण उघडेना, हे नेहमीचे प्रकार. म्हणून या लेखात प्रत्येक कुलूप लावण्याआधी परत आत यायची वाट कशी ठेवायची ते आधी येईल.

उदाहरणे डेबियन आणि उबंटूची आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळायचा. एखादा पर्याय नक्की कसा लिहायचा अशी शंका आली, तर «मॅन» आणि पुढे कमांडचे नाव दिले की त्याच यंत्रावर त्याची पूर्ण माहिती मिळते.

काय बसवायचे

सर्व्हरसाठी कंटाळवाणी आवृत्ती निवडा. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी निघते. तिला तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन, असे एकूण पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. उबंटूमध्ये एलटीएस (दीर्घकालीन आधाराची) आवृत्ती घ्या, तिलाही पाच वर्षे मिळतात. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांचा आधार नऊ महिन्यांतच संपतो, त्या सर्व्हरवर नकोत.

आयएसओ फाइल (सिस्टम बसवायची पूर्ण प्रत) उतरवल्यावर तिचा शा-256 ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवून पाहा: «शा256सम -सी» आणि पुढे ठशांच्या फाइलचे नाव. पण फाइल आणि ठसा एकाच संकेतस्थळावरून आले असतील, तर एवढ्याने फक्त डाउनलोड अर्धवट झाले नाही हे कळते. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसलेल्यांनी डाउनलोडचा दुवाच बदलला होता आणि लोकांनी मागचे दार असलेली आयएसओ उतरवली. जे दुवा बदलू शकतात ते शेजारचा ठसाही बदलू शकतात. त्यामुळे ठशांच्या फाइलवरची जीपीजी सही (ती खऱ्या प्रकल्पाचीच असल्याची डिजिटल खूण) तपासणे ही खरी पायरी.

डेबियन बसवताना रूटचा (सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड विचारला जातो. तो रिकामा सोडा. रिकामा सोडला की रूटचे थेट लॉगिन बंद होते, सुडो (साध्या वापरकर्त्याला रूटच्या हक्काने कमांड चालवू देणारे साधन) बसते आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा हक्क मिळतो. पासवर्ड दिलात तर सुडो बसतच नाही, आणि मग «सुडो: कमांड नॉट फाउंड» पाहून गोंधळ उडतो. पुढे सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपची खूण काढा. एसएसएच सर्व्हर (दुरून सुरक्षित लॉगिन करू देणारी सेवा) आणि मूलभूत साधने एवढेच राहू द्या. जे बसवलेच नाही ते अपडेटही करावे लागत नाही आणि फुटतही नाही.

परतीच्या तीन वाटा

पुढच्या कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी या तीन गोष्टी तयार ठेवा.

पहिली वाट म्हणजे कन्सोल. यंत्र समोर असेल तर कीबोर्ड आणि स्क्रीन. भाड्याचा आभासी सर्व्हर असेल तर देणाऱ्याच्या नियंत्रण पानावर ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल असतो. तो आजच उघडून त्यातून लॉगिन करून बघा. कन्सोलला एसएसएचची किल्ली चालत नाही, पासवर्डच लागतो. तेव्हा तुमच्या वापरकर्त्याला एक लांब पासवर्ड द्या आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. पुढे आपण एसएसएचवरून पासवर्ड बंद करणार आहोत, पण कन्सोलवर तो चालूच राहील.

दुसरी वाट म्हणजे सेटिंगचा इतिहास. «एटसीकीपर» नावाचे पॅकेज बसवले की /इटीसी हे सेटिंगचे पूर्ण फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) नोंदवले जाते. पॅकेज बसवताना आणि रोज एकदा ते आपोआप नोंद करते. काल चालणारी सेवा आज का पडली, याचे उत्तर मग दोन मिनिटांत सापडते. फक्त हा गिट साठा बाहेर कुठे ढकलू नका, त्यात पासवर्डांचे हॅश आणि खासगी किल्ल्या असतात.

तिसरी वाट म्हणजे दुसरी खिडकी. एसएसएच किंवा फायरवॉल बदलताना चालू सत्र बंद करायचे नाही, आणि बदल झाल्यावर नवीन खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचे. जुने सत्र चालू आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. एसएसएच सेवा रीलोड झाली तरी जुनी सत्रे तुटत नाहीत, आणि फायरवॉलही आधीच जुळलेली जोडणी सहसा तशीच चालू देतो. नवख्यांची फसगत इथेच होते: जुन्या खिडकीत सगळे ठीक दिसते, ती बंद केली की दार कायमचे लागते.

वापरकर्ता आणि किल्ली

रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता हवा. «ॲडयूजर» ने तो बनवा आणि «यूजरमॉड» ने सुडो गटात घाला. इथे «-ए» आणि मोठा «जी» असे दोन्ही पर्याय लागतात. लहान ए विसरलात तर आधीच्या सगळ्या जादा गटांतून नाव निघून जाते आणि फक्त नवा गट उरतो. गटातला बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, तेव्हा «चाललेच नाही» म्हणण्याआधी बाहेर पडून परत या.

आता किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी, एक सार्वजनिक आणि एक खासगी. ती तुमच्या स्वतःच्या संगणकावर बनवायची, सर्व्हरवर नाही: «एसएसएच-कीजेन -टी ईडी25519». सांकेतिक वाक्य विचारले की द्या. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढेच एक दार मध्ये असते. मग «एसएसएच-कॉपी-आयडी» आणि पुढे वापरकर्ता व पत्ता. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाऊन बसते. खासगी किल्ली तुमच्या यंत्राबाहेर जात नाही, आणि ती कोणी मागितली तर तो चूक करतोय किंवा चोरी.

नवीन खिडकीतून लॉगिन करा. सर्व्हरने खात्याचा पासवर्ड मागितला तर किल्ली चाललेली नाही. कारण बहुधा परवानग्यांचे असते. घराच्या फोल्डरवर गटाला किंवा इतरांना लिहायची मुभा असेल, तर एसएसएच सेवा किल्लीकडे बघतच नाही आणि तुम्हाला कारणही सांगत नाही. टिंबाने सुरू होणारे एसएसएच फोल्डर 700 (सगळे हक्क फक्त मालकाला) आणि त्यातली परवानगीच्या किल्ल्यांची फाइल 600 (वाचणे-लिहिणे फक्त मालकाला) ठेवा. दोन्हींची मालकी त्याच वापरकर्त्याची हवी. खरे कारण सर्व्हरच्या नोंदीत असते, ते कन्सोलवरून «जर्नलसीटीएल -यू एसएसएच» ने दिसते.

अजून एक छुपी अडचण. तुमच्या एसएसएच एजंटमध्ये (तुमच्या संगणकावर किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सात-आठ किल्ल्या भरलेल्या असतील, तर तो त्या एकामागून एक पुढे करतो. सर्व्हर मूळ सेटिंगप्रमाणे सहा प्रयत्नांनंतर जोडणी तोडतो, आणि बरोबर किल्ली आठवी असेल तर तिची पाळीच येत नाही. तुमच्या संगणकावरच्या एसएसएच सेटिंगमध्ये त्या सर्व्हरपुरती नेमकी किल्ली सांगा आणि «आयडेंटिटीज-ओन्ली येस» लिहा.

किल्ली चालते याची खात्री झाली की पासवर्ड बंद करा. मुख्य सेटिंग फाइलला हात न लावता तिच्याशेजारच्या «एसएसएचडी_कॉन्फिग.डी» फोल्डरमध्ये नवी फाइल बनवा. तिचे नाव 00 ने सुरू होऊ द्या आणि शेवट «.कॉन्फ» असू द्या. त्यात तीन ओळी: पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो, केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नो, परमिट-रूट-लॉगिन नो. (सेटिंगची ही नावे प्रत्यक्षात जोडून, मधल्या रेघेशिवाय लिहायची.) मधली ओळ अनेक जण विसरतात, आणि ती चालू राहिली तर पासवर्ड त्या बाजूच्या वाटेने आत येऊ शकतो.

00 च का? कारण एसएसएचच्या सेटिंगमध्ये एकच गोष्ट दोनदा लिहिली तर पहिली ओळ जिंकते, शेवटची नाही. आणि या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने, मुख्य फाइलमधल्या ओळींच्या आधी वाचल्या जातात. भाड्याच्या सर्व्हरवर अनेकदा क्लाउड-इनिटने (सर्व्हर पहिल्यांदा उभा करणाऱ्या प्रोग्रॅमने) तिथे 50 ने सुरू होणारी फाइल टाकलेली असते आणि तिच्यात पासवर्ड चालू असतो. मालक मुख्य फाइलमध्ये पासवर्ड बंद करून निश्चिंत होतो, प्रत्यक्षात तो चालूच राहतो.

म्हणून फाइलवर विश्वास न ठेवता सेवेलाच विचारा. «सुडो एसएसएचडी -टी» लहान टीने चालवली तर लिहिण्यातली चूक सांगते. काही न छापता परत आली तर सगळे ठीक. मग सेवा रीलोड करा. तीच कमांड मोठ्या टीने चालवली तर फाइलींतून शेवटी ठरणारी सगळी सेटिंग छापते. त्यात पासवर्डच्या ओळीपुढे «नो» दिसले म्हणजे झाले. यानंतर नवीन खिडकी, नवे लॉगिन, आणि मगच जुनी बंद.

पोर्ट 22 (एसएसएच ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकते तो) बदलावा का? बदलल्याने नोंदींमधला कचरा बराच कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. बदलायचाच तर 1024 च्या खालचा घ्या. त्यावरचे पोर्ट यंत्रावरचा कोणताही साधा वापरकर्ता उघडू शकतो, आणि खरी सेवा पडली की तिच्या जागी खोटी उभी करू शकतो. उबंटूच्या 22.10 पासूनच्या आवृत्त्यांत पोर्टवर सिस्टमडीचे (सेवा चालू-बंद करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) सॉकेट ऐकत असते. तिथे फक्त एसएसएच सेवा रीस्टार्ट केल्याने नवा पोर्ट लागू होत नाही. 24.04 वर «सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड» करून «एसएसएच.सॉकेट» रीस्टार्ट करावे लागते.

फायरवॉल, आणि तो न पाळणारा डॉकर

आधी काय उघडे आहे ते बघा: «सुडो एसएस -टीएलएनपी». प्रत्येक ओळीत पत्ता, पोर्ट आणि प्रोग्रॅम दिसतो. पत्ता 127.0.0.1 असेल तर ती सेवा यंत्राच्या आतच बोलते. 0.0.0.0, तारका किंवा चौकटी कंसातली दोन विसर्गचिन्हे दिसली तर ती साऱ्या जगाला उघडी. डेटाबेस असा उघडा दिसला तर फायरवॉलकडे वळण्याआधी त्या डेटाबेसच्याच सेटिंगमध्ये त्याला 127.0.0.1 वर बांधा. फायरवॉल दुसरी भिंत असावी, एकमेव नसावी.

नवख्यांसाठी यूएफडब्ल्यू हे सोपे फायरवॉल साधन पुरेसे आहे. क्रम मात्र चुकवायचा नाही:

1. बाहेरून येणारे सगळे मुळात नाकारायचे: «यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग».
2. एसएसएचला परवानगी: «यूएफडब्ल्यू अलाउ 22/टीसीपी». पोर्ट बदलला असेल तर तो आकडा. ओपनएसएसएच या नावाने परवानगी दिली तर ती फक्त 22 ची असते, हे विसरू नका.
3. संकेतस्थळ असेल तर 80 आणि 443.
4. परतीचा गजर लावायचा: «सुडो सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=10एम यूएफडब्ल्यू डिसेबल».
5. मग «यूएफडब्ल्यू एनेबल».

चौथी पायरी सगळ्यात मोलाची आहे. काही चुकून तुम्ही बाहेर राहिलात, तर दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होतो आणि दार उघडते. नवीन खिडकीतून आत येता आले की गजर रद्द करा. कमांड चालवताना टायमरचे नाव छापून येते, ते «सिस्टमसीटीएल स्टॉप» ला द्यायचे. रद्द करायला विसरलात तर उलटेच होईल, फायरवॉल चालू आहे असे समजून तुम्ही बंद फायरवॉलवर दिवस काढाल. शेवटी «यूएफडब्ल्यू स्टेटस» बघाच.

आता डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारे साधन. डॉकरने कंटेनरचा पोर्ट बाहेर काढला की तो स्वतःचे नियम थेट कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) फायरवॉलमध्ये घालतो. ते पाकीट कंटेनरकडे वळवले जाते, यंत्रात आत येणाऱ्या पाकिटांच्या साखळीतून जातच नाही, आणि यूएफडब्ल्यूचे तुमचे नियम असतात त्याच साखळीत. परिणाम असा की यूएफडब्ल्यू «सगळे बंद» म्हणत असताना कंटेनरमधला डेटाबेस जगाला उघडा असतो. उपाय सोपा आहे: पोर्ट लिहिताना 8080:80 असे न लिहिता 127.0.0.1:8080:80 असे लिहा आणि पुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (मधला वेब सर्व्हर) ठेवा. खात्री हवी तर दुसऱ्या नेटवर्कवरच्या यंत्रातून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारे साधन) चालवून बघा. आतून केलेली तपासणी इथे खोटा दिलासा देते.

फेल2बॅन या वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल थोडेच. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो करणाऱ्याचा पत्ता दहा मिनिटे रोखतो, हे त्याचे मूळ आकडे. पासवर्ड बंद असेल तर एसएसएचपुरता त्याचा उपयोग मुख्यतः नोंदी स्वच्छ ठेवण्याचा. स्वतःची सेटिंग «जेल.लोकल» मध्ये लिहा, «जेल.कॉन्फ» अपडेटमध्ये बदलली जाऊ शकते. डेबियन 12 वर तो बसवताच सुरू न होण्याची तक्रार फार येते. कारण त्या आवृत्तीपासून आरसिसलॉग (नोंदी फाइलींत लिहिणारा प्रोग्रॅम) मुळात बसत नाही, त्यामुळे तो शोधत असलेली «ऑथ.लॉग» फाइलच नसते. जेल.लोकलमध्ये एसएसएचडीच्या भागात «बॅकएंड = सिस्टमडी» लिहिले की तो जर्नलमधून (सिस्टमडीच्या नोंदवहीतून) वाचू लागतो.

अपडेट: उतरले म्हणजे लागू झाले असे नाही

«एपीटी अपडेट» फक्त पॅकेजांची यादी ताजी करते, «एपीटी अपग्रेड» प्रत्यक्ष बसवते. रोज हाताने हे कोणी करत नाही, म्हणून «अनअटेंडेड-अपग्रेड्स» हे पॅकेज बसवा आणि «डीपीकेजी-रीकॉन्फिगर» ने चालू करा. सुरक्षा अपडेट मग आपोआप बसतात.

पण चालू प्रोग्रॅमने जुनी लायब्ररी मेमरीत धरलेली असते. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या कूटबद्धतेच्या लायब्ररीतले हार्टब्लीड हे छिद्र जाहीर झाले तेव्हा नुसते पॅकेज अद्ययावत करून भागले नाही. वेब सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत तो मेमरीतली सदोष प्रतच वापरत होता. कोणत्या सेवा अशा अडकल्या आहेत ते «नीडरीस्टार्ट» दाखवतो. कर्नलसाठी मात्र यंत्रच रीबूट करावे लागते. आपोआप रीबूटचा पर्याय चालू केलात तर त्यासोबत वेळही लिहा, उदाहरणार्थ 02:00. वेळ न दिल्यास रीबूट अपडेट संपताक्षणी होतो, भर दुपारीसुद्धा.

अपडेटच्या मध्येच कधी प्रश्न येतो: तुमची बदललेली सेटिंग फाइल ठेवायची की पॅकेजबरोबर आलेली नवी घ्यायची? घाईत वाय दाबू नका. डी दाबले की दोन्हींतला फरक दिसतो. ठरत नसेल तर जुनी ठेवा, नवी फाइल शेजारीच वेगळ्या शेपटीने राहते आणि निवांत वाचता येते.

/बूट (कर्नल ठेवण्याची जागा) वेगळे आणि लहान असेल तर जुनी कर्नल साचून ते भरते, आणि पुढचे कर्नल अर्धवट बसते. महिन्यातून एकदा «एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज» चालवा.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीतले आकडे जुने दिसतात म्हणून घाबरून बाहेरची नवी पॅकेजे ओढू नका. डेबियनची सुरक्षा मंडळी बहुतेक वेळा नवी आवृत्ती न आणता जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती बसवतात. फक्त आवृत्तीचा आकडा वाचणारे तपासणी प्रोग्रॅम त्यामुळे उगाच धोका दाखवतात. खरे काय ते «एपीटी चेंजलॉग» मध्ये सीव्हीई क्रमांक (त्या त्रुटीचा जाहीर ओळखक्रमांक) शोधून कळते.

जुनेपणाचा फायदा मार्च 2024 मध्ये स्पष्ट दिसला. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत मुद्दाम मागचे दार घातलेले होते. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे पोस्टग्रे डेटाबेसचे विकासक आन्द्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले आणि त्यातून ते उघडकीला आले. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या.

बाहेरचे सॉफ्टवेअर आणि परवानग्यांचे आळस

अनेक प्रकल्प एका ओळीत बसवायची सोय देतात: कर्लने (फाइल उतरवणाऱ्या कमांडने) स्क्रिप्ट आणायची आणि थेट बॅशला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) पाजायची, तीही सुडोने. ती आधी फाइलमध्ये उतरवा, वाचा, मग चालवा. बाहेरचे भांडार (पॅकेजांचा साठा) जोडायचे झाले तर त्याची सहीची किल्ली «साइन्ड-बाय» लिहून त्या एकाच भांडारापुरती ठेवा. आणि उबंटूचा पीपीए (उबंटूसाठी बनवलेले बाहेरचे भांडार) डेबियनवर जोडू नका. आज चालेल, पुढच्या मोठ्या अपग्रेडला लायब्ररींची गाठ सुटणार नाही.

«परमिशन डिनाइड» दिसले की 777 देणे ही सवय मोडा. 777 म्हणजे यंत्रावरच्या कोणालाही लिहायची मुभा, वेब सर्व्हरमधून घुसलेल्यालाही. आधी «नेमआय -एल» आणि पुढे पूर्ण मार्ग द्या. मार्गातल्या प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानगी ओळीने दिसते, आणि अडथळा बहुधा वरच्याच एखाद्या फोल्डरवर सापडतो. तसेच डॉकर गटात कोणाला घालणे म्हणजे त्याला रूट देणे. तो कंटेनरमध्ये पूर्ण डिस्क जोडून काहीही बदलू शकतो.

बॅकअप: परत आणून पाहिल्याशिवाय तो नाही

जुना नियम 3-2-1: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. नुसते आरसिंक (फोल्डरची हुबेहूब प्रत करणारे साधन) --डिलीटसह रोज चालवणे हा बॅकअप नाही. आज चुकून पुसलेली फाइल उद्या तिथूनही पुसली जाते. जुन्या प्रती राखणारे साधन हवे, रेस्टिक किंवा बोर्ग. दोन्ही डेटा कूटबद्ध करतात, दोन्ही फक्त बदललेले तुकडे साठवतात.

काय घ्यायचे: /इटीसी, घरांची फोल्डरे, संकेतस्थळांच्या फाइली, डेटाबेसचे डम्प (डेटाबेसनेच लिहून दिलेली प्रत), आणि «एपीटी-मार्क शोमॅन्युअल» ने मिळणारी, तुम्ही मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची यादी. चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी करू नका. कॉपी होत असतानाच त्या बदलतात आणि हाती अर्धी जुनी, अर्धी नवी प्रत येते. पोस्टग्रेसाठी «पीजी_डम्प», मारियाडीबीच्या इनोडीबी तक्त्यांसाठी डम्पच्या कमांडला «--सिंगल-ट्रान्झॅक्शन» जोडा.

रेस्टिकमध्ये 7 रोजच्या, 4 आठवड्याच्या आणि 6 महिन्यांच्या प्रती ठेवणे ही चांगली सुरुवात. साठ्याचा पासवर्ड सर्व्हरशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवा. तो हरवला तर साठा उघडणारा कोणताही मार्ग उरत नाही. आणि सर्व्हरला बॅकअप पुसायचा हक्क देऊ नका. सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस आधी तेच करतो. एकतर साठ्याच्या बाजूने फक्त भर घालण्याची मुभा ठेवा, नाहीतर दुसऱ्या यंत्राने येऊन डेटा ओढून न्यावा. जुन्या प्रतींची छाटणी मग त्या दुसऱ्या बाजूनेच करायची.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेतून) बॅकअप चालवताना दोन खड्डे आहेत. क्रॉनमध्ये प्रोग्रॅम शोधायचे मार्ग मोजकेच असतात, म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट तिथे «कमांड सापडली नाही» म्हणते. सगळीकडे पूर्ण मार्ग लिहा. दुसरे, क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह नवी ओळ मानले जाते. तारखेचे फाइलनाव बनवताना ओळ तिथेच तुटते, त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर बॅकअप उतरवा. डम्प डेटाबेसमध्ये भरा, संकेतस्थळ उघडा, आणि एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवा. संकटाच्या दिवशी «किती वेळात चालू होईल» याचे उत्तर त्याच आकड्यात असते.

रोजची नजर

डिस्क भरणे हा सर्व्हर बंद पडण्याचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात नित्याचा प्रकार. «डीएफ -एच» जागा दाखवते. जागा आहे पण «डिस्क भरली» म्हणतेय? «डीएफ -आय» बघा, लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात. मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा सुटली नाही? कोणीतरी प्रोग्रॅम ती अजून धरून बसलाय. «सुडो एलएसओएफ +एल1» (मोठा एल) त्याचे नाव सांगते, त्याला रीस्टार्ट करा. ईएक्सटी4 ही नेहमीची फाइलसिस्टिम मुळात 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणून साध्या वापरकर्त्याला आधीच जागा संपल्यासारखी वाटते. ती राखीव जागा सिस्टम डिस्कवर राहू द्या, अडचणीत तुम्हाला तीच आत येऊ देते. सिस्टमडीचे जर्नल फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत, पण 4 जीबीच्या वर नाही, एवढी जागा घेते. लहान डिस्कवर तेही जास्त, 500 एमबीवर आवळा.

नवी डिस्क /इटीसी/एफएसटॅब मध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) जोडताना पर्यायांत «नोफेल» लिहा. नाहीतर ती डिस्क न मिळाल्यास यंत्र बूट होताना आपत्कालीन अवस्थेत अडकते आणि एसएसएच सुरूच होत नाही. रीबूटआधी «फाइंडएमएनटी --व्हेरिफाय» चालवा, लिहिण्यातली चूक तिथेच कळते.

घड्याळ «टाइमडेटसीटीएल» ने तपासा. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे सहा आकडी अंक 30 सेकंदांच्या खिडकीवर चालतात. घड्याळ दोन मिनिटे सरकले की बरोबर अंकही नाकारले जातात.

संकेतस्थळासाठी घेतलेले लेट्स एन्क्रिप्टचे सुरक्षा प्रमाणपत्र सर्टबॉट हे साधन स्वतः नूतन करते, पण फायरवॉलमध्ये 80 बंद केला असेल तर नेहमीची एचटीटीपी तपासणी अपयशी ठरते. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे लेट्स एन्क्रिप्टने 2025 मध्ये बंद केले, तेव्हा तो गजर आता तुम्हीच लावायचा. «सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन» ने सराव करून बघता येतो.

कोणी आत शिरल्याचा संशय आला तर

प्रोसेसर विनाकारण 100 टक्क्यांवर, ओळखीची नसलेली किल्ली परवानगीच्या फाइलमध्ये, क्रॉनमध्ये अनोळखी ओळ, बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा पूर. अशा वेळी त्या प्रोग्रॅमला मारून «साफ केले» म्हणू नका. रूट मिळवलेल्याने तुमची «पीएस» आणि «एलएस» (चालू प्रोग्रॅम आणि फाइली दाखवणाऱ्या कमांड) सुद्धा बदललेली असू शकते, म्हणजे ज्या डोळ्यांनी तुम्ही बघताय तेच त्याचे आहेत.

यंत्र बंद न करता आधी नेटवर्क तोडा, भाड्याचा सर्व्हर असेल तर देणाऱ्याच्या नियंत्रण पानावरून. मग डिस्कची पूर्ण प्रत घ्या, शक्य असेल तर मेमरीसकट. वाट कुठून झाली ते शोधायला तीच लागते. नवे यंत्र कोऱ्या आयएसओवरून उभे करा. घुसखोरीच्या आधीच्या तारखेच्या बॅकअपमधून फक्त डेटा आणा, प्रोग्रॅम नव्याने भांडारातून बसवा. त्या यंत्रावर असलेला प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक एपीआय किल्ली, डेटाबेसचे खाते, प्रमाणपत्राची खासगी किल्ली, सगळे बदला. त्या यंत्रावरून दुसरीकडे लॉगिन करायला वापरलेल्या एसएसएच किल्ल्याही बदला, आणि जिथे जिथे त्या चालत होत्या ती यंत्रेही याच नजरेने तपासा. वाट सापडून ती बुजेपर्यंत नवे यंत्र फायरवॉलमध्ये फक्त तुमच्या पत्त्यालाच उघडे ठेवा.